रिकामी लाल पेटी

सोमवार, ४ मार्च

राजीनामा देऊन महिना झाला, पण स्वतःच्या कामावर आज पहिल्यांदा गेले, म्हणून नोकरी आजपासून सुटली असं धरते. नोकरीत एक सोय होती. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या बाईला साहेबाच्या चार गोष्टी ऐकवल्या की मन हलकं व्हायचं. आता साहेब मीच आणि शेजारचं टेबलही मीच. नवरा म्हणाला, "मग लिहीत जा." त्याचा हेतू उघड आहे. माझी बडबड त्याच्या कानांऐवजी वहीत जावी. जाऊ दे, त्याचंही भलं होवो.

काम काय ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे वैतागले की कशावर वैतागले ते कळेल. कारखाना बाळांच्या खाण्याचा आहे. फळं शिजवून, गाळून त्यांचा मऊ लगदा काचेच्या छोट्या बरण्यांत भरतात आणि वर पत्र्याचं झाकण बसवतात. झाकण केसभर जरी तिरकं बसलं तरी हवा आत शिरते आणि चार दिवसांत आतलं आंबतं. बाहेरून बघून सहसा कळत नाही. म्हणजे माझ्या हातून एक वाकडं झाकण सुटलं, की कुठल्या तरी घरात एक बाळ आजारी पडणार. आजवर दोन बायका पट्ट्याशेजारी बसून झाकणं डोळ्यांनी तपासायच्या. आता पट्ट्याचा वेग वाढवायचाय आणि डोळ्यांचा काही वाढत नाही, म्हणून कॅमेरा, आणि तो बसवून देणं हे माझं काम. त्या दोघींना पॅकिंगमध्ये घेतलंय. "मान वळायला लागली हो पुन्हा," एक जण मला म्हणाली.

बरणी समोर आली की एक छोटा सेन्सर कॅमेऱ्याला वायरीतून कळवतो: आली. कॅमेरा फोटो काढतो, झाकण सरळ की वाकडं ते ठरवतो, आणि वाकडं असेल तर दुसऱ्या वायरीतून पुढे इशारा सोडतो. पुढे हवेच्या दाबावर चालणारा एक दांडा आहे. इशारा मिळाला की तो बरणीला लाल पेटीत ढकलतो. कामगारांनी त्याचं बारसं करून टाकलंय: ढकल्या. आत येणारा इशारा तो इनपुट, बाहेर जाणारा तो आउटपुट, आणि दोन्हींत फक्त आहे किंवा नाही. अधलंमधलं काही नाही. मला ही भाषा फार आवडते. माणसांच्या बोलण्यात अधलंमधलंच जास्त असतं.

मालकीणबाई कमी बोलतात आणि सरळ बोलतात. चाचणी पार पडली तर उरलेल्या तीन पट्ट्यांचं कामही माझं. फोरमन वयाने मोठे आहेत. त्यांना काहीही विचारलं की म्हणतात, "बघू." माघारी सगळे त्यांना बघूकाका म्हणतात. त्यांना ते माहीत असावं.

घरी आले तर धाकटी बहीण पडदा ओढून बसली होती. उन्हाचा त्रास होत असेल.

बुधवार, ६ मार्च

आज पुरती फजिती झाली. ढकल्याने वाकड्या झाकणाची बरणी सोडून तिच्या मागची, बिचारी सरळ झाकणाची बरणी उडवली. एकदा नाही, दर वेळी. पॅकिंगच्या बायका तोंडावर पदर धरून हसत होत्या. बघूकाका म्हणाले, "ताई, तुमच्या कॅमेऱ्याला दिसतं बरोबर, पण हाताला सांगायला उशीर करतो."

अगदी तेच होतं. कॅमेरा आणि ढकल्या यांच्यात हातभर अंतर आहे. बरणीला ते कापायला लागणारा वेळ मी पट्ट्याच्या एका ठरावीक वेगावर बेतला होता, आणि पट्टा काही ठरावीक चालत नाही. कधी रेंगाळतो, कधी दामटतो. शेवटी पट्ट्याला चिकटून फिरणारं एक चाक बसवलं. पट्टा जेवढा सरकेल तेवढंच ते फिरतं आणि तसं कळवत राहतं. आता ढकल्या वेळ मोजत नाही, अंतर मोजतो. संध्याकाळपर्यंत एकही चूक नाही. बघूकाका बराच वेळ वाकून बघत होते आणि चक्क "बरं आहे" म्हणाले. मला मेडल मिळाल्यासारखं वाटलं.

शुक्रवार, ८ मार्च

सुट्टी घेतली, घर आवरलं. धाकटी आमच्याकडे येऊन तीन महिने होतील. तिचा नवरा जहाजावर, सहा महिने त्याचं तोंड दिसणार नाही, म्हणून मीच म्हटलं, बाळ घेऊन ये इकडे. टिल्लू सात महिन्यांचा झाला. गालांनी गोल आणि स्वभावाने रडका. धाकटी मात्र लहानपणापासून तशीच, शांत. कशाची तक्रार म्हणून नाही. चहा समोर ठेवला तर कधी घेते, कधी तो तसाच निवतो. माझ्या ओळखीत एकीची बहीण बाळंतपणाला येऊन घर डोक्यावर घेऊन गेली होती. त्या मानाने मी नशीबवान.

नवरा म्हणाला, "तिच्याशी बोललीस का जरा?"

मी म्हटलं, "रोज बोलते की. काही असतं तर ती बोलली असती."

सोमवार, ११ मार्च

सगळी जोडणी झाली. वायरींचे रंग, खुणा, पट्ट्या, सगळं देखणं दिसतंय. मालकीणबाईंनी उद्याच चाचणी ठेवली. मला आणखी दोन दिवस हवे होते, पण नाही म्हणवलं नाही. शेवटच्या काही वायरी घाईतच आवळल्या. उद्या सकाळी वाकड्या झाकणाची बरणी मुद्दाम सोडून बघेन, मग चिंता नाही.

मंगळवार, १२ मार्च

जेवण बाजूला ठेवून लिहायला बसले, इतका आनंद!

सकाळी लवकर गेले. मुद्दाम वाकडं झाकण बसवलेल्या बरण्या सोडल्या. ढकल्याने एकेक टिपून लाल पेटीत टाकली. मग वायरींच्या कपाटाचं दार लावलं. जुडगा आत मावेना, तो कोपराने रेटून बसवला आणि कुलूप लावलं. पेटी रिकामी केली, मालकीणबाई आल्या, पट्टा सुरू झाला.

ढकल्यावरचा हिरवा दिवा वाकडी बरणी आली की विझतो; दुपार संपेपर्यंत तो एकदाही विझला नाही. एकदाही! ढकल्या जागचा हलला नाही. शेवटी मालकीणबाईंनी स्वतः लाल पेटीत डोकावून पाहिलं: रिकामी. म्हणाल्या, "म्हणजे आमचं झाकण बसवायचं यंत्र इतकं चांगलं आहे, हे आम्हालाच माहीत नव्हतं." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. कॅमेऱ्याचा पडदा भिंतीकडे तोंड करून होता, त्यावरचे आकडे बघायचं कुणाला सुचलं नाही, आणि पेटी समोर रिकामी दिसत असताना आकडे हवेत कशाला?

मालकीणबाई म्हणाल्या, "यांना एक बरणी द्या, पहिल्या दिवसाची आठवण." बघूकाका काटकसरी. पट्ट्यावरून उतरलेल्या बरण्यांतून शोधून अशी उचलली की जिचं लेबल एका बाजूने घासून सुरकुतलं होतं. "ही बाजारात जायची नाही. घरी चालेल," म्हणाले. सफरचंदाची आहे. मला काय, मी मिरवत घरी आणली. धाकटीला म्हटलं, "हे घे, तुझ्या लेकासाठी. मावशीच्या नजरेखालून गेलेलं आहे, डोळे झाकून भरव." तिने मान हलवली. मीच बरणी स्वयंपाकघरात फळीवर ठेवली.

आता हा माल आठवडाभर गोदामात ठेवतात आणि मग ट्रकने पाठवतात. मधले दिवस पट्टा धुवायला बंद. मला पण जरा पाय पसरू देत.

बुधवार, १३ मार्च

धाकटीला विचारलं, "टिल्लूने खाल्लं का गं सफरचंद?" तिने मान हलवली. "आवडलं?" पुन्हा हलवली. मालकीणबाईंना फोन करून कळवलं की आमच्या बाळाने चाटूनपुसून खाल्लं. त्यांना फार बरं वाटलं.

शनिवार, १६ मार्च

जुन्या साहेबाला फोन केला. कशाला केला ते स्वतःशीही कबूल करत नाही. "पहिल्या दिवशी एकही खराब नाही," असं सांगितलं. मग म्हणाला, "एकही नाही? असं होत नाही." जळतोय मेला.

टिल्लू आज फार किरकिरत होता. दात येत असतील. नवऱ्याने त्याला उचलून अंगणात फिरवलं. आत येऊन मला म्हणाला, "तिचे केस कित्येक दिवस विंचरलेले नाहीत." मी म्हटलं, तान्ह्या बाळाच्या आईला आरसा बघायला फुरसत असते का? पुरुषांना काय कळतं.

सोमवार, १८ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवते, नाही तर झोप लागणार नाही.

पट्टा आज पुन्हा सुरू व्हायचा होता, म्हणून सकाळी जाऊन कॅमेऱ्याचा पडदा माझ्याकडे वळवला आणि जुने आकडे पुसायला घेतले. मंगळवारच्या रकान्यात लिहिलं होतं: खराब, नऊ. मला हसू आलं. वाटलं, सकाळच्या मुद्दाम सोडलेल्या असतील. पण त्यांचे आकडे मी तेव्हाच पुसले होते. कॅमेरा खराब बरण्यांचे फोटो जपून ठेवतो. उघडून पाहिले. नऊ फोटो, नऊ वाकडी झाकणं, सगळी दुपारची.

कपाट उघडलं. ढकल्याकडे जाणारी वायर आपल्या जागेतून निसटून लोंबत होती. मीच घाईत आवळलेली, मीच कोपराने रेटलेली. कॅमेऱ्याने नऊ वेळा 'वाकडी आहे' म्हणून सांगितलं होतं, पण ते हवेत गेलं. ढकल्याच्या कानावर काही आलं नाही, आणि काही कानावर आलं नाही की स्वस्थ उभं राहायचं, असंच मी त्याला शिकवलं होतं. तो हिरवा दिवाही मी त्याच वायरीवर जोडलेला. 'सगळं ठीक आहे' असं तो सांगत नव्हताच. 'मला कुणी काही कळवलेलं नाही' एवढंच सांगत होता. आणि आम्ही त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होतो.

पाचावर धारण बसली. बाहेर फाटकाशी ट्रक भरत होते, त्याच मालाचा. धावत बघूकाकांकडे गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. मनात म्हटलं, आता हे 'बघू' म्हणणार. ते म्हणाले, "ट्रक उतरवा." इतक्या मोठ्यांदा ओरडले की पॅकिंगमधल्या बायका बाहेर आल्या.

मालकीणबाईंना सांगणं हा दुसरा डोंगर. मी म्हटलं, "चूक माझी आहे. वायर सुटली, आणि सुटली तरी कळेल अशी सोय मी केली नव्हती." त्यांनी एवढंच विचारलं, "फाटकाबाहेर किती गेल्यात?" बघूकाका म्हणाले, "एकही नाही." त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "मग आधी काम, नंतर बोलू."

वायर घट्ट बसवली. सगळी खोकी फोडून सगळ्या बरण्या पुन्हा पट्ट्यावर चढवल्या. दोघी जुन्या तपासणीस बायका आपणहून येऊन लाल पेटीशी उभ्या राहिल्या. ढकल्याने एक उडवली, मग दुसरी. प्रत्येक वेळी आम्ही फोटोशी ताडून बघत होतो. आठ सापडल्या. खोकी संपली. पुन्हा एकदा सगळ्या फिरवल्या. आठच.

नववी कुठे?

बघूकाका नवव्या फोटोकडे बघत होते. एकाएकी खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, लेबल बघा." लेबल एका बाजूने घासून सुरकुतलेलं. "झाकण बसवताना बरणी अडकून फिरली की लेबल घासतं. आणि झाकण पण..." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "मीच दिली हो तुम्हाला ती."

सफरचंदाची. आमच्या बाळाने चाटूनपुसून खाल्लेली.

घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बघूकाकांनी स्कूटर काढली. एरवी म्हणे ते सायकलवाल्यालाही पुढे जाऊ देतात. आज त्यांनी काय चालवली, माझं मलाच माहीत. वाटभर डोळ्यांसमोर टिल्लूची शनिवारची किरकिर. दात येत असतील म्हणाले होते मी. दात!

दार उघडं होतं. धाकटी पलंगाच्या कडेला बसलेली, टिल्लू शेजारी झोपलेला. मी त्याच्या पोटाला, कपाळाला हात लावला. जागा होऊन त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं.

"याला ताप आला होता? उलट्या? बोल ना!"

"नाही गं. काय झालं?"

"ती बरणी! सफरचंदाची! कधी भरवलीस?"

मी स्वयंपाकघरात धावले. फळीवर, मी ठेवली होती तिथेच, पिठाच्या डब्याशेजारी. बंद. झाकण एका बाजूने उचललेलं, आता माहीत होतं म्हणून दिसलं. परसात नेऊन उघडली तर आंबूस वास भपकन नाकात गेला.

मी तिथेच जमिनीवर बसून भोकाड पसरलं. मागे वळून पाहिलं तर बघूकाका दारात, डोक्यावर हेल्मेट तसंच. "आहे? आहे का?" मी म्हटलं, "आहे. उघडलीच नाही." ते भिंतीला टेकले, हेल्मेट काढलं, तोंड पुसलं. जीवात जीव येणं म्हणजे काय ते त्यांच्याकडे बघून कळत होतं. मला म्हणाले, "तुम्ही आता परत येऊ नका. पट्टा मी सांभाळतो." जाताना ती आंबलेली बरणी पिशवीत घालून घेऊन गेले.

मग मी धाकटीला मिठी मारली. "बरं झालं बाई उघडली नाहीस! पण मी विचारलं तेव्हा मान का हलवलीस?"

तिने स्वतःला सोडवून घेतलं. मग म्हणाली, "तू विचारतेस आणि जातेस, ताई. मान हलवली की जातेस."

मी तिच्याजवळ पलंगावर टेकले.

"मला उठवत नाही गं," ती म्हणाली. "त्याला भरवायचं म्हणजे फळीपर्यंत जायचं, बरणी उघडायची, चमचा धुवायचा. मी मनात सगळं करते आणि बसूनच असते. अंगावर पाजते तेवढंच. तो रडतो आणि मी नुसती बघत बसते. मला त्याचं काहीच वाटत नाही असं वाटतं, आणि मग भीती वाटते."

"कधीपासून?"

"इथे आल्यापासून. आधीपासून पण."

तीन महिने. एकाच छपराखाली. मी तिचा हात धरून बसले. ती खूप रडली. टिल्लूही रडला. नवरा घरी आला तेव्हा आम्ही तिघंही रडत होतो, आणि त्याने काही न विचारता कुकर लावला.

मंगळवार, १९ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी आत बोलायला लागले तर त्यांनी मला बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने बोलावलं. म्हणाल्या, बाळंतपणानंतर कित्येक जणींना होतं, तिचा यात काही दोष नाही, औषध आहे, आणि बरं होतं. झोप हवी, म्हणजे रात्री बाळ दुसऱ्या कुणी उचलायला हवं, आणि तिला एकटं सोडायचं नाही. फार वाईट विचार आले तर ताबडतोब फोन करायचा. तो नंबर फ्रिजवर चिकटवलाय. टिल्लूचं वजन थोडं कमी भरलं, पण काळजीचं नाही. वरचं खाणं सुरू करायचं.

येताना धाकटी म्हणाली, "मला वाटलं होतं त्या ओरडतील." मग वाटेत बाकावर बसून तिने अख्खी भाकरी-भाजी संपवली. डबा माझा होता. मला उपाशी राहूनही पोट भरल्यासारखं वाटलं.

गुरुवार, २१ मार्च

मालकीणबाईंसमोर 'नंतर बोलू'चं बोलणं झालं. मला वाटलं, काम गेलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही लपवलं असतं तर गेलं असतं. आता सांगा, पुन्हा होणार नाही कशावरून?"

मी सांगितलं. वायर पुन्हा सुटू शकते, कुणाचीही सुटते. म्हणून बोलणंच उलटं करायचं. आता कॅमेरा वाकड्या बरणीला 'वाकडी' म्हणणार नाही. प्रत्येक चांगल्या बरणीला 'चांगली' म्हणणार. ते शब्द ऐकू आले तरच ढकल्या बरणीला वाट देईल. काही ऐकू आलं नाही, मग झाकण वाकडं असो, वायर तुटलेली असो की कॅमेरा बंद पडलेला असो, बरणी लाल पेटीत. आणखी एक वायर, तिच्यातून कॅमेरा सतत टिकटिक करत राहील: जागा आहे, जागा आहे. टिकटिक थांबली की पट्टा थांबेल. लाल पेटीच्या तोंडाशी एक सेन्सर, बरणी खरंच आत पडली का ते उलटं कळवायला. आणि हिरवा दिवा हे सगळं येत असेल तरच लागेल.

बघूकाका विचारात पडले. "म्हणजे तो आता दिवसभर प्रत्येक बरणीला चांगली, चांगली म्हणत बसणार? दमणार नाही?"

"नाही दमणार, काका."

"बघू," ते म्हणाले. ऐकून किती बरं वाटलं! माणूस पूर्ववत झाला.

शनिवार, २३ मार्च

नवऱ्याने रजा काढलीय, म्हणजे मी कामावर असताना धाकटीजवळ कुणी तरी असेल, आणि टिल्लूच्या रात्रीही आपल्याकडे घेतल्या आहेत. सकाळी त्याचे डोळे सुजलेले असतात आणि गुर्मी अशी, की जणू बाळ त्याने शोधून काढलंय. टिल्लू शिजवलेलं गाजर खातो. निम्मं खातो, निम्मं मावशीच्या साडीला पुसतो.

धाकटीशी ठरवून टाकलंय. रोज संध्याकाळी तिने स्वतः तोंडाने सांगायचं, दिवस कसा गेला. चांगला गेला तर चांगला, वाईट गेला तर वाईट, दोन्ही चालेल. पण गप्प बसलीस तर मी वाईट धरणार आणि चटकन येऊन शेजारी बसणार. ती म्हणाली, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "मला ही पद्धत सोपी जाते." नवरा ताटावरून मान वर करून माझ्याकडे बघून हसत होता. का हसतोस विचारलं तर सांगेना.

सोमवारी म्हणाली: "वाईट." काल म्हणाली: "दुपारपर्यंत वाईट, मग झोपले." खोटं कशाला लिहू, 'वाईट' ऐकून मला हायसं वाटलं. निदान ऐकू तरी आलं.

सोमवार, २५ मार्च

वरचं वाचताना दिसलं, शनिवारी 'सोमवारी म्हणाली' असं लिहून ठेवलंय. आमचं ठरलं बुधवारी. म्हणजे ते गुरुवारचं. झोप कमी पडते आहे, दुसरं काय.

आज धाकटी माझ्यावर ओरडली. माझा रेडिओ मोठा असतो, मी टिल्लूला टोपी उलटी घालते, आणि मी घरात फोरमनसारखी फिरते. मी ऐकून घेतलं. स्वयंपाकघरात येऊन एकटीच हसले. संध्याकाळी तिने केस धुतले, गुंता मी सोडवला. तासभर लागला आणि तासभर ती कुरकुरत होती.

शुक्रवार, २९ मार्च

दुसरी चाचणी. सकाळपासून हिरवा दिवा, आणि या वेळी पडदा सगळ्यांच्या समोर. लाल पेटीत दुपारपर्यंत पाच बरण्या पडल्या, पाचही खरोखर वाकड्या. पेटी रिकामी नाही हे बघून मालकीणबाई खूश झाल्या. जुन्या तपासणीस बायकांनी पाचही हातात घेऊन फिरवून बघितल्या आणि पास केलं. आम्हाला.

मग मालकीणबाईंनी कपाट उघडायला लावलं. "आता यातली कुठलीही एक वायर मी ओढते," म्हणाल्या. मी म्हटलं, "ओढा." त्यांनी नेमकी तीच ओढली, मागच्या वेळी सुटलेली. ढकल्याने पुढची बरणी लाल पेटीत टाकली. तिच्या मागची टाकली. तिच्याही मागची. धडाधड सगळ्याच.

"अहो, या चांगल्या आहेत!" मालकीणबाई ओरडल्या.

"असतील," मी म्हटलं. "पण तसं त्याला कुणी सांगितलेलं नाही."

त्यांनी वायर परत लावली आणि दुसरी ओढली, टिकटिकीची. पट्टा जागच्या जागी थांबला, दिवा विझला, सगळीकडे शांत झालं. बघूकाकांनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "छान." 'बघू' नाही, 'छान'. मालकीणबाई म्हणाल्या, बाकीचे तीन पट्टे पुढच्या महिन्यात सुरू करा.

त्या शांततेतच माझा फोन वाजला. घरून. दुपारचे तीन, संध्याकाळ व्हायला किती तरी वेळ. उचलला.

"ताई, कामात आहेस?"

"काय झालं? टिल्लू कुठाय?"

"मांडीवर आहे, खातोय. सांडतोय." मागून चमचा आपटल्याचा आवाज आला आणि ती त्याला "थांब रे, माकडा" म्हणाली. मग मला म्हणाली, "काही झालं नाही गं. आज मी बरी आहे. तू विचारायच्या आधी सांगून टाकावं म्हटलं." आणि ठेवून दिला.

किती साधं वाक्य. जगात रोज कुणी ना कुणी कुणाला तरी म्हणत असेल. मी पट्ट्याशेजारच्या रिकाम्या खोक्यावर बसले आणि सगळ्यांसमोर पोटभर रडले. मालकीणबाईंना वाटलं, तीन पट्टे मिळाले म्हणून. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं.